चाळिशीनंतरही लिलावात नाव येतं, पण त्यासाठी आधी ‘यादीत’ असावं लागतं!

डिसेंबर २०१९ मध्ये कोलकात्यात आयपीएलचा लिलाव झाला. त्यात कोलकाता नाइट रायडर्सने मुंबईच्या एका लेगस्पिनरला २० लाख रुपयांना घेतलं. खेळाडूचं नाव प्रवीण तांबे, वय ४८ वर्षं! आयपीएलच्या लिलावात इतक्या वयाच्या खेळाडूवर त्याआधी कुणीही बोली लावली नव्हती.

पण त्या मोसमात तांबे यांनी एकही चेंडू टाकला नाही. ते जखमी नव्हते, फिटनेस चाचणीत नापासही झाले नव्हते. ते ‘अपात्र’ ठरले होते, आणि तेही वयामुळे नाही.

मग कशामुळे? त्याचं उत्तर समजलं की मुरलेल्या खेळाडूला लिलावाचं किंवा ड्राफ्टचं दार नेमकं कसं उघडतं, हेही समजतं. तुमच्या घरात कुणी क्रिकेट, कबड्डी किंवा खो-खो खेळत असेल, किंवा तिशीतला भाऊ अजूनही रविवारी पहाटे किटबॅग खांद्याला लावून बाहेर पडत असेल, तर आजचा विषय त्याच्यासाठी आहे.

आधी सोपं सांगू: लिलाव वेगळा, ड्राफ्ट वेगळा

लहानपणी भिडू कसे वाटून घ्यायचो, आठवतंय? दोन कप्तान समोरासमोर उभे राहायचे. एक भिडू याचा, एक त्याचा, आणि शेवटी उरलेला लिंबूटिंबू! ड्राफ्ट म्हणजे नेमकं तेच. संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात. मानधन बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे तिथे बोली लागत नाही. लिलावात मात्र ज्याची बोली मोठी, त्याचा खेळाडू.

आपल्याकडे खो-खोच्या ‘अल्टिमेट खो खो’ लीगने २०२२ मध्ये पहिल्या मोसमासाठी ड्राफ्टची पद्धत वापरली. आयपीएल म्हटलं की आपल्याला लिलावच आठवतो, पण २००८ च्या पहिल्या मोसमात तिथेही एक छोटासा ड्राफ्ट झाला होता. १९ वर्षांखालील विश्वचषक नुकताच जिंकून आलेल्या पोरांना संघांनी पाळीपाळीने निवडलं. तेव्हाच्या दिल्ली डेअरडेव्हिल्सने आपल्या पाळीला दिल्लीचाच डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान याला घेतलं. त्यामुळे दिल्लीचाच आणखी एक मुलगा बेंगळुरूच्या वाट्याला गेला. त्याचं नाव विराट कोहली. दिल्लीकर आजही ही आठवण काढून हळहळतात.

लिलाव असो की ड्राफ्ट, एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. आधी एक यादी तयार होते. यादीत नाव नसेल तर कुठलाही कप्तान आणि कुठलाही मालक तुम्हाला निवडू शकत नाही. त्यामुळे ‘मी चांगला खेळतो का?’ या प्रश्नाच्या आधी एक वेगळा प्रश्न येतो: ‘मी यादीत आहे का?’

बेसबॉलमध्ये जुन्या खेळाडूंसाठी खास ड्राफ्ट

ड्राफ्टची पद्धत रुजली ती अमेरिकी खेळांमध्ये. तिथल्या बेसबॉलमध्ये एक मजेदार व्यवस्था आहे. शाळा-कॉलेजातल्या नव्या मुलांसाठी एक ड्राफ्ट असतो आणि वर्षानुवर्षं खालच्या लीगमध्ये घाम गाळणाऱ्यांसाठी दुसरा. या दुसऱ्याला ‘रूल फाइव्ह ड्राफ्ट’ म्हणतात आणि तो दरवर्षी डिसेंबरमध्ये होतो.

कल्पना अशी आहे. मोठ्या क्लबांकडे शेकडो खेळाडू करारावर असतात. त्यांतल्या फक्त ४० जणांची नावं मुख्य यादीत असतात. बाकीचे खालच्या लीगमध्ये खेळत आपल्या संधीची वाट पाहतात. क्लबने एखाद्याला ना वर घ्यायचं, ना सोडायचं, असं किती वर्षं चालणार? म्हणून नियम केला गेला. वयाच्या १८ व्या वर्षी किंवा त्याआधी करार केलेला खेळाडू पाच मोसमांनंतरही त्या ४० जणांत नसेल, तर दुसरा क्लब त्याला ड्राफ्टमधून उचलू शकतो. १९ व्या वर्षी किंवा त्यानंतर करार केला असेल, तर चार मोसम पुरेसे होतात.

उचलणाऱ्या क्लबला एक लाख डॉलर मोजावे लागतात. शिवाय पुढचा पूर्ण मोसम त्या खेळाडूला मुख्य संघात ठेवावं लागतं. तसं जमलं नाही तर त्याला निम्म्या किमतीत जुन्या क्लबला परत देऊ करावं लागतं. म्हणजे नुसतं पळवून नेऊन पुन्हा कोपऱ्यात बसवायची सोय नाही.

पिट्सबर्ग पायरेट्स या क्लबने १९५४ मध्ये अशाच निवडीतून ब्रुकलिन डॉजर्सच्या खालच्या संघात पडून असलेला एक तरुण उचलला होता. त्याचं नाव रॉबेर्तो क्लेमेंते. तो पुढे १८ मोसम पायरेट्सकडून खेळला आणि बेसबॉलच्या महान खेळाडूंमध्ये त्याची गणना झाली.

आणि योगायोग बघा, याच पायरेट्सने २००८ मध्ये आपल्या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंशी करार केला होता. ते होते रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. (हा रिंकू म्हणजे षटकार मारणारा क्रिकेटपटू नव्हे. हा पुढे कुस्तीच्या शोमध्ये वीर महान म्हणून गाजला.) ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेतून ते पुढे आले. त्यांना ड्राफ्टमधून जावं लागलं नाही, कारण नव्या खेळाडूंचा तो ड्राफ्ट अमेरिका आणि कॅनडासारख्या ठिकाणच्या मुलांसाठी आहे. बाहेरच्या देशांतल्यांशी क्लब थेट करार करतात. पाहिलंत? चेंडू फेकणारा हात तोच, पण तुम्ही कुठले, यावर दार बदलतं.

आयपीएलच्या यादीत नाव कसं येतं?

आता आपल्या घरच्या मैदानावर येऊ. आयपीएलमध्ये वयाची वरची मर्यादा नाही. भारतीय खेळाडू लिलावासाठी आपल्या राज्याच्या क्रिकेट संघटनेमार्फत नाव नोंदवतो. मग संघांना कोणात रस आहे ते विचारलं जातं आणि अंतिम यादी बनते.

ही चाळणी किती बारीक असते ते आकड्यांवरून कळतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाला झालेल्या महालिलावासाठी १,५७४ जणांनी नावं नोंदवली होती. पहिल्या अंतिम यादीत त्यांतले ५७४ उरले आणि प्रत्यक्षात विकले गेले १८२. त्याच यादीत १३ वर्षांचा वैभव सूर्यवंशी होता आणि ४२ वर्षांचा जेम्स अँडरसनही होता!

यादीत खेळाडूंच्या दोन जाती असतात: कॅप्ड आणि अनकॅप्ड. देशाकडून खेळून टोपी मिळालेला तो कॅप्ड, न मिळालेला तो अनकॅप्ड. अनकॅप्ड खेळाडूची किमान मूळ किंमत कमी असते. २०२४ च्या लिलावात ती २० लाखांवरून ३० लाख केली गेली.

जुन्या खेळाडूंसाठी खरी गंमत इथे आहे. एकदा मिळालेली टोपी लिलावापुरती ‘उतरू’ शकते! २०२४ मध्ये एक जुना नियम परत आणला गेला. त्यानुसार एखादा भारतीय खेळाडू मोसमाच्या आधीच्या पाच कॅलेंडर वर्षांत आंतरराष्ट्रीय सामन्यात अंतिम अकरात खेळला नसेल आणि त्याच्याकडे बीसीसीआयचा केंद्रीय करारही नसेल, तर तो पुन्हा अनकॅप्ड धरला जातो.

महेंद्रसिंग धोनी भारताकडून शेवटचा खेळला तो जुलै २०१९ मध्ये, विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात. २०२५ च्या मोसमाआधीची पाच वर्षं म्हणजे २०२० ते २०२४. त्यात त्याचा एकही आंतरराष्ट्रीय सामना नाही. म्हणून दोन विश्वचषक जिंकून देणारा कप्तान कागदावर ‘अनकॅप्ड’ झाला. २०२२ च्या मोसमासाठी १२ कोटींना राखलेल्या धोनीला चेन्नईने या वेळी ४ कोटींत राखलं. वाचायला हा अपमान वाटेल, पण व्यवहारात संघाचे पैसे वाचले आणि ४३ वर्षांच्या खेळाडूची जागाही टिकली.

धोनी तर धोनीच. त्याला जागा कुणीही दिली असती. हा नियम कुणाच्या खऱ्या कामी येतो ते बघायचं, तर आपल्या एनसीआरमध्येच या.

फरिदाबादचा मोहित: पर्पल कॅप ते नेट बोलर, आणि परत

मोहित शर्मा हा फरिदाबादजवळच्या बल्लभगडचा. २०१४ च्या आयपीएलमध्ये सर्वाधिक बळी घेऊन त्याने पर्पल कॅप मिळवली. २०१५ चा विश्वचषक तो भारताकडून खेळला. त्याच वर्षी त्याचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना झाला. मग दुखापती आल्या, नाव मागे पडलं. २०२२ मध्ये तो गुजरात टायटन्सकडे होता, पण संघात नव्हे, तर नेट बोलर म्हणून. म्हणजे ज्याने एकेकाळी पर्पल कॅप घातली, तो आता दुसऱ्यांच्या सरावासाठी चेंडू टाकत होता.

इथे बहुतेक घरांत म्हटलं जातं, “आता पुरे झालं रे, दुसरं काहीतरी बघ.” मोहितने निवृत्ती जाहीर केली नाही. पुढच्या मोसमासाठी गुजरातने त्याला ५० लाखांत घेतलं. २०२३ च्या त्या मोसमात त्याने २७ बळी घेतले आणि अंतिम सामन्याचं शेवटचं षटकही त्याच्याच हातात होतं. २०२४ च्या महालिलावात वरच्या पाच वर्षांच्या नियमामुळे तो अनकॅप्ड खेळाडू म्हणून ५० लाखांच्या मूळ किमतीला उभा राहिला. बोली वाढत गेली आणि दिल्ली कॅपिटल्सने त्याला २ कोटी २० लाखांना घेतलं. तेव्हा त्याचं वय होतं ३६.

आता तांबे यांची गोष्ट

प्रवीण तांबे यांची वाट याहून लांबची. मुंबईच्या मैदानांवर क्लब क्रिकेट आणि कंपनीच्या संघाकडून खेळण्यात त्यांची वर्षानुवर्षं गेली. मध्यमगती गोलंदाजी सोडून ते लेगस्पिनकडे वळले. रणजीचं बोलावणं मात्र आलं नाही. चाळिशी ओलांडली तेव्हा त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकही सामना नव्हता.

तरी २०१३ मध्ये राजस्थान रॉयल्सने त्यांना घेतलं. हे कसं जमलं? कारण त्या वेळी अनकॅप्ड भारतीय खेळाडूंचा लिलाव होतच नव्हता. संघ त्यांच्याशी थेट करार करत. (२०१४ पासून तेही लिलावात आले.) राजस्थानला गोलंदाज आवडला, कप्तान राहुल द्रविडने विश्वास दाखवला आणि ७ मे २०१३ रोजी जयपूरमध्ये, दिल्लीच्याच संघाविरुद्ध, ४१ व्या वर्षी तांबे आयपीएलमध्ये उतरले.

त्याच वर्षीच्या चॅम्पियन्स लीगमध्ये त्यांनी पाच सामन्यांत १२ बळी घेतले. स्पर्धेत सर्वाधिक! त्याचा अंतिम सामना आपल्या कोटला मैदानावर झाला होता. सचिन आणि द्रविड या दोघांचाही तो शेवटचा टी-२० सामना, आणि तांबे यांची मोठी कारकीर्द तर नुकतीच सुरू झालेली! त्यानंतर मुंबईने त्यांना रणजीतही खेळवलं. २०१४ मध्ये कोलकात्याविरुद्ध त्यांनी हॅट्‌ट्रिक घेतली. श्रेयस तळपदेने त्यांची भूमिका केलेला ‘कौन प्रवीण तांबे?’ हा सिनेमा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

मग अडलं कुठे? २०१८ मध्ये ते शारजाला टी-१० लीग खेळायला गेले. तिथे त्यांनी एका सामन्यात पाच बळी घेतले, त्यात हॅट्‌ट्रिकही होती. पण बीसीसीआयचा नियम स्पष्ट आहे: भारतीय पुरुष खेळाडू परदेशातल्या अशा लीगमध्ये खेळू शकतो तो भारतातल्या सगळ्या क्रिकेटमधून निवृत्त झाल्यावरच, आणि आयपीएलही त्या ‘सगळ्या’त येतं. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही. २०१९ च्या लिलावात बोली लागली, पण नंतर याच कारणाने त्यांना अपात्र ठरवलं गेलं.

कोलकात्याच्या मालकांनी मग दुसरी वाट काढली. २०२० मध्ये तांबे त्यांच्याच त्रिनबागो नाइट रायडर्सकडून कॅरिबियन प्रीमियर लीग खेळले. त्या लीगमध्ये खेळणारे ते पहिले भारतीय. त्या मोसमात त्यांचा संघ बाराच्या बारा सामने जिंकून विजेता ठरला. नंतर ते कोलकात्याच्या प्रशिक्षक ताफ्यातही आले.

आता धोनी आणि तांबे शेजारी ठेवून बघा. दोघंही चाळिशीपार, दोघांचंही नाव ‘निवृत्ती’ या शब्दाशी जोडलेलं. पण धोनीने २०२० मध्ये निवृत्ती घेतली ती आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून, आयपीएलमधून नव्हे. तांबे जी लीग खेळले, तिला लागणारी निवृत्ती सगळ्याच क्रिकेटमधून होती. शब्द एकच, पण एकाची जागा राहिली आणि दुसऱ्याचं दार बंद झालं.

काही जण दार स्वतः बंद करतात

दिल्लीच्या उन्मुक्त चंदने हेच जाणूनबुजून केलं. २०१२ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नाबाद १११ धावा करणारा तो कप्तान. भारताच्या मुख्य संघात त्याला कधीच जागा मिळाली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, त्याने भारतातल्या क्रिकेटमधून निवृत्ती घेतली आणि अमेरिका गाठली. जानेवारी २०२२ मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या बिग बॅशमध्ये खेळणारा पहिला भारतीय पुरुष खेळाडू ठरला. इथलं दार लावल्याशिवाय तिथलं उघडणार नव्हतं.

अमेरिकेच्या ‘मेजर लीग क्रिकेट’ने मार्च २०२३ मध्ये तिथल्या खेळाडूंसाठी चक्क ड्राफ्ट घेतला. पहिल्याच पाळीला नाव पुकारलं गेलं ते मुंबईच्या हरमीत सिंगचं. तो उन्मुक्तच्या त्याच विश्वविजेत्या संघातला फिरकीपटू. त्याच ड्राफ्टमधून वॉशिंग्टन फ्रीडमने घेतला आपला सौरभ नेत्रावळकर.

सौरभ २०१० चा १९ वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळला होता. मुंबईकडून एक रणजी सामना झाला आणि मग २०१५ मध्ये तो शिकायला अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेला. पुढे ओरॅकल कंपनीत इंजिनीअर झाला. ६ जून २०२४ रोजी टी-२० विश्वचषकात पाकिस्तानविरुद्धचं ते सुपर ओव्हर त्यानेच टाकलं. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. तो सामना टेक्सासमधल्या ग्रँड प्रेअरीच्या मैदानावर झाला, आणि ते मैदान मुळात बेसबॉलसाठी बांधलेलं होतं!

घरात खेळाडू असेल तर हे लक्षात ठेवा

• नोंद कुठे आहे? एनसीआरमध्ये ही खास अडचण आहे. दिल्लीसाठी डीडीसीए, नोएडा-गाझियाबादसाठी उत्तर प्रदेशची संघटना आणि गुरुग्राम-फरिदाबादसाठी हरियाणाची. मेट्रो एकच असली, तरी क्रिकेटच्या नकाशावर ही तीन वेगवेगळी घरं आहेत. एक घर सोडून दुसऱ्यात जायचं तर जुन्या संघटनेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. बदलीची नोकरी असलेल्या मराठी घरांनी हे आधीच विचारून ठेवावं.

• ‘निवृत्ती’ हा शब्द जपून वापरा. रागात किंवा निराशेत सोशल मीडियावर पोस्ट टाकण्याआधी ठरवा: नेमकी कशातून निवृत्ती? एका प्रकारातून, एका संघातून, की सगळ्यातूनच?

• परदेशी लीगचं बोलावणं आलं तर आधी आपल्या संघटनेला लेखी विचारा. तिकडे खेळल्यावर इकडचं काय काय बंद होईल, हे कागदावर समजून घ्या. मित्राने सांगितलं, दुसरा कुणी गेला होता, यावर जाऊ नका.

• खेळत राहा, नोंदीत राहा. क्लब, कंपनी, जिल्हा, नेट बोलर, काहीही चालेल. मोहितला दुसरी संधी मिळाली, कारण तो तेव्हा नजरेसमोर होता.

• पैसे घेऊन ‘लिलावात नाव लावून देतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा. भारतीय खेळाडूची नोंद संघटनेमार्फत होते. मधल्या माणसाला त्यासाठी पैसे द्यायची गरज नाही. तिशी गाठलेला, संधीसाठी तळमळणारा मुलगा अशा बोलण्याला पटकन भुलतो. म्हणून घरच्यांनी डोळे उघडे ठेवायचे.

लिलावात वय मोजतात ते संघमालक. नियम मात्र विचारतात की तुमची नोंद कुठे आहे, शेवटचा सामना कधी आणि कुठे खेळलात, कुठला कागद दिलात. गुडघे कधी थकतील हे आपल्या हातात नाही, पण कागद नीट ठेवणं नक्कीच आहे. तेव्हा घरातला तो रविवारचा खेळाडू आज मैदानावरून परतला की चहासोबत एवढं जरूर विचारा, “तुझी नोंद कुठल्या संघटनेत आहे रे?” त्याला उत्तर देता आलं नाही, तर सोमवारी पहिलं काम तेच!